916 रुपये 67 पैशांचं ताट

कुठे जायचं यावर आमचं भांडण कधीच होत नाही. भांडण होतं ते तिथे जाऊन जेवायचं कुठे यावर. नवरा बँकेत आहे, त्यामुळे हॉटेलच्या दारात उभा राहून तो मेनूकार्डाची उजवी बाजू आधी वाचतो, आणि तोवर माझी भूक मेलेली असते. माझं स्वतःचं गाऱ्हाणं वेगळंच आहे. 'आज काय करायचं?' हा प्रश्न घरातले सगळे मलाच विचारतात. बाहेरगावी गेलं तरी तो पाठ सोडत नाही, नुसता 'आज कुठे खायचं?' असा वेष बदलून येतो.

म्हणून यंदा लग्नाच्या वाढदिवसाला 'सगळं धरून' असलेलं पॅकेज घेतलं. दापोली तालुक्यात, मुरुड-कर्दे किनाऱ्यावरचं एक रिसॉर्ट. दोन रात्री, दोघांचे मिळून 19,000. शुक्रवारच्या दुपारपासून रविवारच्या सकाळपर्यंत दोन दुपारची जेवणं, दोन रात्रीची, दोन न्याहाऱ्या, रोज चार वाजता चहा-भजी आणि होडीतून एकदा डॉल्फिन. लेकीला आजीपाशी ठेवलं, फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावली आणि मी मनातल्या मनात स्वयंपाकघराला कुलूप घातलं.

शुक्रवार

सहाला निघायचं ठरलं होतं म्हणजे सव्वाआठला निघालो. चांदणी चौकातली गर्दी, मग पिरंगुट, मुळशी, ताम्हिणी. फेब्रुवारीच्या शेवटाला ताम्हिणीत पावसाळ्यातली धबधब्यांची जत्रा नसते, वडापाव-मक्याच्या टपऱ्याही निम्म्या बंद. पानं झडलेली काटेसावर मात्र लालबुंद फुलून उभी असते. मला हा घाट असाच आवडतो. थांबा म्हणणारं कुणी नसतं.

घाटात असतानाच नवऱ्याने हिशोब मांडला. खोलीचे रात्रीला 4,000 म्हणजे 8,000 वजा. चहा, भजी आणि डॉल्फिन फुकट धरायचे. राहिले 11,000, भागिले बारा ताटं.

"916 रुपये 67 पैसे," तो म्हणाला. "एका ताटाला."

"मग?"

"मग काही नाही. लक्षात असलेलं बरं."

माणगावात आमचा पाऊण तास गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, मुंबई-गोवा महामार्गावर ये-जा करणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यातला तेवढा तुकडा माणगावात पुरलेला आहे. महाड सोडून सावित्रीचा पूल आला आणि गाडीतली गाणी मी नकळत बारीक केली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री इथला जुना दगडी पूल पुरात गेला, एसटीच्या गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. नवा पूल चांगला रुंद आहे. तरी पाणी किती आहे हे बघायला मान आपोआप खाली वळतेच. पुढे पोलादपूर, आणि मग कशेडीचा बोगदा. लहानपणी याच घाटात आई लिंबू हुंगायला द्यायची. आता बोगद्यात शिरून बाहेर पडेपर्यंत लिंबू पिशवीतून काढूनही होत नाही.

भरणे नाक्याला महामार्ग सोडला, दापोलीत पेट्रोल भरलं आणि मुरुडच्या उतारावर पोफळी दिसायला लागल्या. मुरुड म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. मुलगा असताना ते एका परीक्षेसाठी इथून सह्याद्री चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. मी हे सांगितलं, पण नवऱ्याचं लक्ष घड्याळाकडे होतं.

साडेतीनला पोचलो. दुपारचं जेवण तीनला बंद.

काउंटरवरचा मुलगा अगदी नम्र होता. त्याने कोकम सरबताचे दोन छोटे पेले दिले, आमच्या मनगटांना निळे कागदी पट्टे चिकटवले ("जाईपर्यंत काढू नका हं सर, यावरच जेवण आहे") आणि सांगितलं की चारला भजी आहेतच. नवरा काही बोलला नाही. खोलीत बॅगा टाकल्यावर म्हणाला, "1,833 गेले."

चहाआधी किनाऱ्यावर गेलो. समुद्र चांगलाच वर आलेला होता आणि माणसांचा एक घोळका पाण्याकडे पाठ करून उभा होता. पुण्याचीच एक मोठी गाडी वाळूत रुतलेली. कर्द्याची वाळू ओहोटीला डांबरी रस्त्यासारखी घट्ट असते, गाडी पळवायचा मोह होतो. भरतीचं पाणी आलं की तीच वाळू चाकं गिळते. गाडीवाला फोनवर कुणाला तरी इंग्रजीत ओरडत होता, बायको मागच्या काचेतून सामान काढत होती, आणि गावातला एक पोरगा सायकलवर पाय टेकवून, शाळेत कविता म्हणावी तसं म्हणत होता, "ट्रॅक्टर येतोय, ट्रॅक्टर येतोय." ट्रॅक्टर आला तेव्हा लाट गाडीच्या नंबराच्या पाटीपर्यंत पोचली होती. दोर बांधण्याआधी ट्रॅक्टरवाल्याने शांतपणे भाव सांगितला. त्यावर घासाघीस झाली नाही.

रात्री बुफे. मी ताट हातात घेऊन त्या लांब टेबलाशेजारून चालत गेले, तेव्हा खरंच गळ्याशी हुंदका आल्यासारखं झालं. बारा पदार्थ, आणि त्यातला एकही मी ठरवलेला नव्हता! पनीर बटर मसाला, हक्का नूडल्स, दाल तडका, रशियन सॅलड, गुलाबजाम. दिल्लीत, जयपुरात, कुठेही असंच टेबल लागलं असतं. कोपऱ्यात नारळाच्या करवंटीवर 'कोकणी कॉर्नर' असं लिहून एका पातेल्यात सोलकढी ठेवलेली होती, बस. मला काही फरक पडला नाही. ताटं उचलायलाही उठावं लागत नव्हतं.

नवरा मात्र कामाला लागला होता. दुपारचं ताट रात्रीत भरून काढायचं म्हटल्यावर त्याने तीन वेळा वाढून घेतलं. चौथा गुलाबजाम खाताना त्याच्या चेहऱ्यावर सुख नव्हतं, कर्तव्य होतं. रात्री एक वाजता त्याला जेलुसिल हवं होतं आणि ते पॅकेजमध्ये नव्हतं.

शनिवार

पहाटे साडेसहाला कासवाची पिल्लं बघायला गेलो. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते; कुत्री-कोल्ही उकरू नयेत म्हणून गावातले कासवमित्र ती उचलून कुंपणातल्या खड्ड्यांत पुरतात आणि दीड-दोन महिने राखण करतात. कुंपणात ओळीने पाट्या, पाटीवर तारीख आणि अंड्यांचा आकडा. प्रत्येक खड्ड्यावर टोपली पालथी घातलेली. आम्ही पंधरावीस जण, पोरं कडेवर, मोबाईल सरसावलेले. कासवमित्राने पहिली टोपली उचलली. वाळू. दुसरी उचलली. वाळू. सगळ्या उचलून झाल्या.

"आज नाय कोण आलेलं," तो म्हणाला, उशीर झालेल्या पाहुण्यांबद्दल बोलावं तसं.

एक बाई त्याच्याशी हुज्जत घालायला लागली की आम्ही एवढे लांबून आलोत. त्याने टोपल्या पुन्हा जागच्या जागी ठेवल्या, एकेक नीट फिरवून बसवली. मला ते आवडलं.

न्याहारीत पोहे, उपमा, ब्रेड-बटर, कॉर्नफ्लेक्स. घावणं नाही, आंबोळी नाही.

नवला डॉल्फिन. समुद्र लांब गेलेला, होडीपर्यंत पोटरीभर पाण्यातून चालायचं. होडीवाले काका पन्नाशीचे. नवऱ्याने त्यांना विचारलं, काल दुपारी पाणी एवढं वर होतं, आज कुठे गेलं? काकांनी इंजिनाची दोरी ओढता ओढता सांगितलं की तिथी धरा आणि तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पुरी. आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला पूर्ण भरती, त्याच्या सहा तास आधी म्हणजे साडेदहाला पूर्ण ओहोटी. काल पंचमी, पावणेचार. गाडी रुतली ती त्याच सुमाराला.

माझ्या नवऱ्याचा चेहरा उजळला. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही तो इतका उजळला नव्हता. त्याने मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक काढून ताडून पाहिलं. फरक वीस-पंचवीस मिनिटांचा. "याच्यावर होड्या चालतात!" तो मला परत परत सांगत होता. डाव्या हाताला दोन डॉल्फिन पाठ वर काढून, उसासा टाकल्यासारखा आवाज करत गेले. मी पाहिले. तो चतुर्थीचा हिशोब करत होता.

दुपारी जेवण झाल्यावर (छोले, पुलाव, फ्रूट कस्टर्ड, दोनदाच वाढून घेतलं, रात्रीची आठवण ताजी होती) तो झोपला. मला झोप येईना. पोहण्याच्या टाकीच्या मागे, पाहुण्यांनी जाऊ नये अशा बाजूला, एका पत्र्याच्या सावलीत तीन बाया बसल्या होत्या. समोर ओल्या काजूबियांचा हिरवा ढीग. मी उगाच रेंगाळले तशी त्यातली वयस्कर मावशी म्हणाली, "बसा हो. पण हात नका लावू, चीक लागंल."

अर्थात मी हात लावला.

ओला काजू सोलणं हे बघायला सोपं आहे. बी आडवी धरायची, पाठीच्या कडेवरून सुरीने उभी चिरायची, दोन शकलं उघडली की आत पांढरट गर सालीत बसलेला दिसतो, दुधाच्या दातासारखा ओला. सुरीच्या टोकाने त्याला खालून उचलायचं. जोर जास्त झाला तर तुकडे होतात, कमी झाला तर निघत नाही. आणि सालातून तेलासारखा चीक येतो तो बोटांना लागत राहतो. मावशीने हाताला खोबरेल चोपडून वर राख लावली होती, तरी तिची बोटं पेरापर्यंत काळी पडलेली. मलाही तेल-राख दिली. तिच्या पाच बिया होईतो माझी एक व्हायची.

"पूर्वी इथंच सुपारी सोलायची मी," ती म्हणाली.

इथंच म्हणजे?

इथंच म्हणजे याच जागेत. ही सगळी वाडी होती. आत पोफळी, कडेने माड, खाली केळी आणि मिरीचे वेल. सुपारी उतरवली की दुपारभर बाया बसून सोलायच्या. मग 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. तिने हाताने दाखवलं, सगळं कसं एका दिशेला आडवं झालं ते. पोफळ मुळात काडीसारखी. एक मोडली की शेजारच्या चार घेऊन पडते. नवीन लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं, माडाला त्याहून जास्त. तेवढी वर्षं घरात खायचं काय? मालकांनी दोन वर्षं वाट पाहिली, आणि मग खोल्या बांधल्या.

"ती तुमची पोहायची टाकी हाय ना, तिथं विहीर होती. रहाट होता तिच्यावर. आमी पाण्याला जायचो."

मी टाकीकडे पाहिलं. फुगवलेलं गुलाबी बदक तरंगत होतं.

"बाकी वाईट नाय," ती म्हणाली. "सावलीत काम हाय. पगार महिन्याच्या महिन्याला येतो. सुपारीचं तसं नव्हतं."

आतून कुळथाच्या पिठल्याचा वास येत होता. त्यांचं जेवण अजून व्हायचं होतं. मी विचारलं, हे बुफेत का नाही ठेवत? तिघी हसल्या. एकदा ठेवलं होतं, कुणी घेतलंच नाही, एका साहेबांनी विचारलं की डाळ जळली का. मग त्यांनी मला वाटीत पिठलं आणि तांदळाच्या भाकरीचा चतकोर दिला. पोट फ्रूट कस्टर्डने भरलेलं होतं तरी वाटी निपटून खाल्ली. वरून लसणीची फोडणी, कडेला कोकमाची साल.

"घरी काय केलंत आज?" मी सवयीने विचारलं.

"काय करणार? सकाळी भात लावून येत्ये. घरी गेलं की परत चूल." तिने बी चिरली. "उद्या ही उसळ हाय, दुपारला. मोठी पार्टी येणार हाय मुंबईची. तुमी खाऊन जा."

उद्या दुपारी आम्ही नसणार. अकराला खोली सोडायची. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने माझ्यासमोरच्या वाटीकडे पाहिलं. मी सोललेले सदतीस गर होते. मोजले होते मी. नवऱ्याबरोबरच्या अठरा वर्षांत एवढा तरी गुण लागणारच.

साडेचारला नवऱ्याला उठवून हर्णैला नेलं. चहा-भजी सोडायला तो तयार नव्हता, पण चहा-भजी फुकट धरली आहेत याची आठवण त्याला करून दिली. हर्णैच्या बंदरात उभं राहिलं की समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्र्यांच्या नावाशी जोडलेला हा किल्ला 1755 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. आपल्या आरमाराचं कंबरडं आपणच परक्याच्या हाताने मोडलं, या विषयावर माझे वडील तासभर बोलू शकत. आम्हाला पाच मिनिटं मिळाली, कारण लिलाव सुरू झाला होता.

भरती पुरी होती (साडेचार! नवऱ्याने मला कोपर मारलं). बोटी आत उभ्या, आणि बैलगाड्या पोटभर पाण्यात शिरून मासळी आणत होत्या. बैलांना लाटांची सवय. लाट आली की मान वर करून थांबायचे, गेली की चालायचे. वाळूवर ढीग पडत होते. कोळंबी, बांगडा, माकुल, मधेच सुरमईची चंदेरी रांग. लिलाव पुकारणारा काय बोलतो ते आम्हाला एक अक्षर कळलं नाही. बायका मान हलवतही नव्हत्या, नुसती भुवई, आणि ढीग विकला जायचा. नवरा बँकेत रोज लिलावाच्या नोटिसा काढतो, तो तोंड उघडं टाकून बघत होता. हलवा माशाची एक जोडी त्याने दोनदा वळून पाहिली. पण रात्रीच्या ताटाचे पैसे भरलेले होते.

रात्री बुफेत 'फिश फ्राय' ची पाटी लागली होती. तो लगबगीने घेऊन आला. पहिला घास खाऊन त्याने काटा खाली ठेवला. पांढरा, बिनकाट्याचा, बिनवासाचा तुकडा. बासा. गोड्या पाण्यातला, गोठवलेला, दहा किलोमीटरच्या आत हर्णैचं बंदर असताना. वाढणाऱ्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "सर, यात काटे नसतात. लहान मुलांना बरं पडतं."

त्या रात्री नवऱ्याने एकदाच वाढून घेतलं आणि गुलाबजामला हात लावला नाही.

रविवार

सकाळी सातलाच सासूबाईंचा फोन. अगं, कोथिंबीर कुठे ठेवलीस? आणि आज काय करू, ही पोरगी काही सांगत नाही. मी समुद्राकडे बघत फोनवर पिठलं-भात सांगितला.

न्याहारीला गेले तर मावशी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी होती. हातात पोफळीच्या विरीत गुंडाळलेलं पुडकं. "तुमचे तुमी सोललेले," ती म्हणाली. "आणि वर थोडे. कोमट पाण्यात टाका, साल निघंल. नारळ जास्त घाला, मसाला नको." मी पर्स उघडली तर ती नको म्हणाली, पण सदतीसच्या वर तिने पुरते शंभर केले होते आणि ओले काजू शेकड्यावर विकतात हे मला ठाऊक होतं. बाजारभावाने दिले. तिने परत नको म्हटलं आणि घेतले.

अकराला निघालो. दापोलीच्या वाटेवर आसूदला थांबलो. गाडी वर लावून पोफळींच्या वाडीतून खाली उतरायचं, ओढ्यावरचा पूल ओलांडायचा आणि मग केशवराजाच्या पायऱ्या. चढताना दम लागतो, पण झाडी इतकी दाट की घाम थंड होतो. देवळाबाहेर गोमुखातून झऱ्याचं पाणी पडत असतं. त्याच्याखाली मी हात धरले. बोटं चुरचुरत होती. वाडीतून परत येताना पाहिलं, जुन्या उंच पोफळींमधे माणसाच्या उंचीची नवी रोपं ओळीने लावलेली होती.

नवऱ्याने येताना हिशोब पुरा केला. एक जेवण बुडालं म्हणजे दोघांचे 1,833. बासा तो धरायला तयार नव्हता. उलट बाजूला पाऊणपटीचा नियम फुकट मिळाला होता, त्याची किंमत किती लावायची यावर माणगावच्या गर्दीत त्याने बराच विचार केला.

रात्री घरी आल्यावर मनगटावरचे पट्टे स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापले. लेकीने विचारलं, आई, उद्या डब्याला काय? मी काजू कोमट पाण्यात टाकले.

उसळ चांगली झाली. बुधवारपर्यंत माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांची कातडी सापाच्या कातेसारखी निघून आली, ऑफिसात सगळ्यांनी विचारलं काय भाजलं म्हणून. नवऱ्याने मात्र पहिल्या घासालाच विचारलं होतं, "शेकड्याला किती लावले तिने?"

"पॅकेजमध्ये होते," मी म्हटलं, आणि त्याला अजून थोडी उसळ वाढली.